रुईतला धागा आणि रक्तातला कण

(करंजाडे, ता. पनवेल येथील कार्यकर्ता बैठकीतील भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून चर्चा करावी.)



कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्यांची बैठक पनवेलजवळ कशाला, असे काहींनी विचारले. उत्तर सरळ आहे. आपली पोरे इथे आली आहेत. कोणी बंदरावर आहे, कोणी गोदामात, कोणी गाडीवर. आपल्या रुईच्या गाठीही याच रस्त्याने न्हावा शेवा बंदराकडे जातात. आणि ही जमीन मुळात शेतकऱ्यांचीच. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी उभे राहिले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून विकसित जमिनीतला साडेबारा टक्क्यांचा हिस्सा पदरात पडला. त्यांची आठवण करून आजचा विषय घेऊ.

आजचा विषय प्लॅस्टिकचा आहे. पण हा स्वच्छता मोहिमेचा कार्यक्रम नाही. हिशेबाचा विषय आहे. ज्या मालाचा सगळा खर्च त्याच्या किमतीत धरलेला नसतो, तो खर्च कोणीतरी दुसराच भरत असतो. हे आपण शेतीमालाच्या भावाबद्दल वर्षानुवर्षे मांडत आलो. आज तीच फूटपट्टी प्लॅस्टिकला लावायची आहे.

गिरणी प्लॅस्टिक मोजते

आधी आपल्या घरचे उदाहरण. वेचणीच्या दिवसांत आपण कापूस कशात भरतो? युरियाच्या रिकाम्या पोत्यात, नाहीतर प्लॅस्टिकच्या चुंगडीत. पोत्याच्या कडेचे दोरे सुटतात आणि कापसात मिसळतात. जिनिंगमध्ये ते तुटून रुईत जातात. गाठीतून सूतगिरणीत, सुतातून कापडात. तो दोरा पॉलिप्रॉपिलीनचा. त्याला कापसाचा रंग चढत नाही. कापड रंगवून निघाले की मधेच पांढरी रेघ दिसते आणि अख्खा ताका दुय्यम ठरतो. म्हणून खरेदीदार प्लॅस्टिक मिसळलेल्या मालाचा भाव पाडतो. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापसाचे तंत्रज्ञान मिशन काढले, त्यात मार्केट यार्ड आणि जिनिंग सुधारण्यामागचे एक मोठे कारण हीच भेसळ होती.

म्हणजे रुईत प्लॅस्टिकचा धागा आला तर तो मोजणारा माणूस आहे, त्याची किंमत ठरलेली आहे आणि ती आपल्या पट्टीतून कापली जाते. तेच प्लॅस्टिक शेतकऱ्याच्या, मजुराच्या, वेचणीवालीच्या अंगात गेले तर मोजणारा कोण? त्याची कटती कोणाच्या पट्टीतून?

कण येतो कुठून

प्लॅस्टिक कुजत नाही, त्याचा भुगा होतो. बांधावर पडलेली युरियाची पिशवी दोन उन्हाळे खाल्ली की हातात धरताच तिचे पापुद्रे पडतात. पापुद्र्याचे तुकडे, तुकड्यांची धूळ. पाच मिलिमीटरच्या आतल्या तुकड्याला शास्त्रज्ञ सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. म्हणजे ज्वारीच्या मोठ्या दाण्यापासून खाली, डोळ्याला न दिसणाऱ्या कणापर्यंत. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हा विषय जगापुढे आणला.

बैठकीआधी आपण कागदी कपातून चहा घेतला. नुसत्या कागदात चहा राहत नाही. कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीने २०२० साली असे कप तपासले. १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटे ठेवले तर त्यात सुमारे २५ हजार कण उतरले. आपण चहा १५ मिनिटे ठेवत नाही, हे खरे. पण दिवसातून सहा चहा पिणारा माणूसही आपल्यातच बसला आहे.

मग मीठ. पनवेल, उरण, पेणच्या खाडीकाठी पूर्वापार मिठागरे होती. आज त्यांतली बरीचशी भरावाखाली गेली. मीठ म्हणजे आटवलेला समुद्र. समुद्रात जे असेल ते मिठात येणार. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१८ साली बाजारातले आठ कंपन्यांचे मीठ तपासले आणि सगळ्यांत कण सापडले. त्यांच्या हिशेबाने रोज पाच ग्रॅम मीठ खाणाऱ्याच्या पोटात मिठावाटे वर्षाला सुमारे ११७ मायक्रोग्रॅम प्लॅस्टिक जाते. म्हणजे एका मिलिग्रॅमचा आठवा-नववा हिस्सा. वजनाने फार नाही. समुद्राचे पाणी आधी वाळूतून गाळले तर वजनाने ८५ टक्क्यांवर प्लॅस्टिक अडते, असेही त्यांनी सांगितले. साधा उपाय आहे. करायचा कोणी, एवढाच प्रश्न.

बाटलीचे पाणी शुद्ध समजून आपण पैसे मोजतो. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाने जानेवारी २०२४ मध्ये तिथले तीन कंपन्यांचे बाटलीबंद पाणी अतिसूक्ष्म यंत्राने तपासले. लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार कण निघाले. त्यांतले सुमारे ९० टक्के इतके बारीक की आधीच्या यंत्रांना ते दिसतच नव्हते.

अंगात सापडले, पुढे काय

२०१९ साली आठ देशांतल्या आठ माणसांची विष्ठा तपासली गेली. आठहीजणांत प्लॅस्टिक मिळाले. याचा एक अर्थ चांगला आहे: खाल्लेले बरेचसे बाहेर पडते. पण सगळे नाही. २०२१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी सहा बाळंतिणींच्या वारा तपासल्या, चारांत कण सापडले. २०२२ साली नेदरलँडमध्ये २२ रक्तदात्यांचे रक्त तपासले, १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिक निघाले.

सगळ्यांत गंभीर माहिती मार्च २०२४ ची. मानेतल्या रक्तवाहिनीत साचलेला थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांचा इटलीतील संशोधकांनी सुमारे तीन वर्षे पाठपुरावा केला. १५० जणांच्या त्या थरात पॉलिथिन होते. ज्यांच्यात प्लॅस्टिक सापडले त्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या साडेचारपट निघाला.

आता इथे थांबायला हवे. आम्ही शेतीशास्त्र शिकलो तेव्हा पहिला धडा हा होता की, दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे नाही. प्लॉटला नियंत्रण लागते. त्या रुग्णांत प्लॅस्टिक होते आणि त्यांना झटके जास्त आले, एवढे सिद्ध झाले. प्लॅस्टिकमुळेच आले, हे त्या अभ्यासाने सिद्ध होत नाही, आणि तो करणाऱ्यांचाही तसा दावा नाही. शिवाय ज्या प्रयोगशाळेत तपासणी होते तिथल्या हवेत, हातमोज्यांत, नळ्यांत प्लॅस्टिक असतेच. शरीरातली चरबीही काही यंत्रांना पॉलिथिनसारखी भासते. म्हणून मोठमोठ्या आकड्यांवर शास्त्रज्ञांतच वाद आहेत. माणूस आठवड्याला पाच ग्रॅम, म्हणजे बँकेच्या एका कार्डाएवढे, प्लॅस्टिक खातो असे २०१९ पासून सगळीकडे छापून आले. तो आकडा फार फुगलेला आहे, असे पुढे इतर संशोधकांनी दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये पिण्याच्या पाण्याबद्दल, आणि २०२२ मध्ये अन्न व हवेबद्दल, पुरावा अपुरा आहे असेच म्हटले.

पण पुरावा अपुरा म्हणजे धोका नाही, असे नव्हे. सातबाऱ्यावर नोंद नाही म्हणून विहीर नाही, असे म्हणण्यातला हा प्रकार होईल.

कारखान्यात मात्र पुरावा जुना आहे. अमेरिका आणि कॅनडात नायलॉनच्या बारीक तंतूंची धूळ उडणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना फुप्फुसाचा वेगळाच आजार झाल्याचे १९९० च्या दशकात पुढे आले. नैसर्गिक ते सगळे निर्धोक, असेही आम्ही म्हणत नाही. मुंबईच्या गिरण्यांत कापसाच्याच धुळीने कामगारांची छाती भरत होती; त्या आजाराला बायसिनोसिस म्हणतात. धूळ कशाचीही असो, ती ज्याच्या नाकात जाते त्याला आधी विचारले जात नाही.

मिसळलेली रसायने

कणापेक्षा कणातल्या रसायनांबद्दल माहिती अधिक पक्की आहे. नुसत्या प्लॅस्टिकने काम भागत नाही. ते लवचिक व्हावे म्हणून एक रसायन, उन्हात टिकावे म्हणून दुसरे, पेटू नये म्हणून तिसरे, रंगासाठी चौथे. मार्च २०२४ मध्ये नॉर्वेच्या पुढाकाराने युरोपातील शास्त्रज्ञांनी यादी केली. प्लॅस्टिकशी संबंधित रसायने १६ हजारांवर निघाली. त्यांतली ४,२०० वर रसायने आरोग्याला किंवा पर्यावरणाला घातक गुणाची आहेत.

ही रसायने प्लॅस्टिकला घट्ट जोडलेली नसतात. मऊ पीव्हीसीला लवचिक करणारी थॅलेट वर्गातली द्रव्ये उष्णतेने आणि तेला-तुपाने सुटतात. ती पुरुष संप्रेरकाच्या कामात अडथळा आणतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट झाले आहे. माणसांतही गर्भातल्या मुलग्याच्या वाढीशी त्यांचा संबंध दिसला आहे. कडक पारदर्शक प्लॅस्टिकमधले बिस्फेनॉल-ए हे स्त्री संप्रेरकाची नक्कल करते. भारतीय मानक ब्यूरोने २०१५ मध्ये बाळाच्या दुधाच्या बाटल्यांतून ते काढायला लावले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची सुरक्षित मात्रा आधीच्या २० हजार पटीने खाली आणली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपने अन्नाच्या वेष्टनात त्यावर बंदी घालायचे ठरवले. आपल्या शेतातल्या पीव्हीसी पाइपात टिकाऊपणासाठी शिशाचे क्षार घालत असत. त्यावर केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम काढले. तोवर त्या पाइपांचे पाणी किती घरांनी प्यायले, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

एवढ्याशा मात्रेने काय होणार, असे कोणी म्हणेल. त्याला कपाशीच्या शेतात न्यावे. शेजाऱ्याने उसात किंवा ज्वारीत टू-फोर-डी मारले आणि वाऱ्याने चार थेंब इकडे आले, किंवा पंप नीट न धुता आपणच त्याने कपाशी फवारली, तर काय होते? पाने भेंडीसारखी लांबुळकी होतात, शेंडा वाकतो, पाती गळतात. रोप मरत नाही, पण त्याचा कारभार बिघडतो. टू-फोर-डी हे रोपाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते, म्हणून चार थेंब पुरतात. शरीरातली संप्रेरकेही अशीच सूक्ष्म मात्रेत काम करतात. म्हणून गर्भार बाई आणि तान्ही मुले यांच्याबाबत जास्त काळजी घ्यायची.

आणखी एक गोष्ट पाहा. कीटकनाशकाच्या बाटलीवर क्रियाशील घटक किती टक्के, हे छापावेच लागते. प्लॅस्टिकच्या बादलीवर, ताटावर, डब्यावर आत काय मिसळले आहे हे कुठे लिहिले आहे का?

पॉलिएस्टरचा लपलेला खर्च

इथून जवळच पाताळगंगेच्या काठी १९८२ साली रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत काय झाले? २०२३ मध्ये जगात तयार झालेल्या एकूण तंतूंपैकी ५७ टक्के एकटे पॉलिएस्टर होते. कापूस सुमारे २० टक्क्यांवर आला. पॉलिएस्टर म्हणजे प्लॅस्टिकच. त्याचे कापड धुतले की हजारो बारीक तंतू सांडपाण्यात जातात, वापरताना हवेत उडतात. धागा कापसाचाही झडतो, पण तो मातीत कुजतो.

मग आपले पीक मागे का पडले? पॉलिएस्टर स्वस्त आहे म्हणून. आणि ते स्वस्त का? नदीत गेलेला तंतू, खाडीतला मासा, माणसाची छाती, यांचा खर्च कारखान्याच्या वहीत लिहावा लागत नाही. सरकारने काय केले तेही पाहा. जीएसटीत अनेक वर्षे कृत्रिम तंतूवर १८ टक्के आणि त्याच्या सुतावर १२ टक्के कर होता, कापसावर ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्यांवर ५ टक्के झाला. त्याच्या महिनाभर आधी, १९ ऑगस्टला, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत नेली. म्हणजे आपली वेचणी घरात येण्याच्या ऐन वेळी.

आमची भूमिका स्पष्ट असू द्या. कर सारखा झाला याबद्दल रडगाणे नाही. आम्हाला कुबड्या नकोत. पण शर्यत बरोबरीची हवी असेल तर पॉलिएस्टरने आपला कचरा आपल्या खर्चात धरावा. तेवढा धरला तर कापूस कुठे उभा राहतो ते बाजार ठरवेल.

आपल्या बांधावर

दुसऱ्याचा हिशेब मांडला, आता आपला. कलिंगडाच्या, मिरचीच्या प्लॉटवर मल्चिंग पेपरची प्रात्यक्षिके आम्हीच केली. पाणी वाचते, तण दबते, हे खरे होते आणि आजही आहे. पीक निघाल्यावर त्या पेपरचे काय करायचे, हे मात्र आम्ही सांगितले नाही. पातळ पेपर उचलताना फाटतो, अर्धा मातीत राहतो, रोटाव्हेटर त्याचा चिवडा करतो. चीनच्या शिंच्यांग प्रांतात कपाशीखाली वर्षानुवर्षे असा पेपर वापरला. तिथल्या जमिनीत त्याचे थर साठले, मुळांना आणि पाण्याला अडथळा होऊ लागला. शेवटी २०१८ पासून चीनला किमान दहा मायक्रॉन जाडीचा नियम करावा लागला. जाड पेपर अखंड निघतो, म्हणून. जगभर शेतीत वर्षाला सव्वा कोटी टन प्लॅस्टिक वापरले जाते, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१ साली म्हटले. आणि २०२० मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले की अतिसूक्ष्म कण गव्हाच्या आणि सॅलडच्या रोपांत शिरतात. आडमूळ फुटताना सालीला जी चीर पडते, तिच्यातून.

बायाबापड्यांनो, एक गोष्ट तुम्हाला विशेष सांगायची. चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी वापरू नका. बांधावर मल्चिंग पेपर आणि औषधाच्या बाटल्या पेटवू नका. कणाबद्दल वाद आहेत, धुराबद्दल नाहीत. पीव्हीसी जळाले की डायॉक्सिनसारखी विषे निघतात आणि ती पहिल्यांदा चुलीपुढे बसलेल्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या पोराच्या छातीत जातात.

आपण काय करायचे, काय मागायचे

महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड. तो भरला भाजीवाल्या बाईने आणि टपरीवाल्याने. चोर सोडून संन्याशाला सुळी. आम्हाला असली बंदी नको, जबाबदारी हवी. ज्याने माल काढला त्याने तो परत न्यावा.

घरात आणि गावात आपण एवढे करू. वेचणी सुती झोळीत आणि कापूस सुती कापडाच्या पोत्यात. त्याने रुई स्वच्छ राहील, आणि भाव पाडायला व्यापाऱ्याला एक कारण कमी मिळेल. गरम चहा, गरम भाजी, तेलाचे पदार्थ प्लॅस्टिकमध्ये नाहीत. औषधाची रिकामी बाटली तीनदा धुवायची, पाणी पंपातच ओतायचे, बाटलीला भोक पाडायचे. तिच्यात पाणी किंवा तेल भरायचे नाही. मल्चिंग घ्यायचे तर जाड घ्या, आणि पीक निघाल्यावर गुंडाळून शेताबाहेर काढायची मजुरी पहिल्याच दिवशी खर्चात लिहा.

मागणी तीन. पहिली, केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या नियमांप्रमाणे वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर आहे. खताची पोती, बियाण्याच्या पिशव्या, औषधाच्या बाटल्या ही वेष्टनेच आहेत. तेव्हा विक्रीकेंद्राने ती परत घेतली पाहिजेत, आणि मल्चिंग पेपरलाही हाच नियम लागला पाहिजे. दुसरी, अन्नाला आणि पाण्याला लागणाऱ्या प्लॅस्टिकवर त्यातली रसायने छापली जावीत. तिसरी, केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये अन्नातील सूक्ष्म प्लॅस्टिक तपासण्याचा प्रकल्प जाहीर केला, त्याचे आकडे मराठीत लोकांपुढे यावेत. शहरांच्या कचऱ्याचे खत आपल्या माथी मारताना त्यात नत्र, स्फुरद, पालाश किती, यासोबत प्लॅस्टिक किती, हेही पोत्यावर लिहावे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने दोन आकडे आणायचे आहेत. गावातल्या किती घरांनी यंदा सुती पोत्यात कापूस भरला, आणि किती दुकानदारांनी रिकाम्या बाटल्या परत घ्यायला नकार दिला. दुकानदारांची नावे वहीत लिहून आणा, त्यांच्याकडे आपण मिळून जाऊ. आणि येताना आपापला पेला आणा. चहा संघटनेचा राहील.